गाडीतळ

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं तर तो आधी आपण घाटावरचे की घाटाखालचे ते सांगतो, मग गावाचं नाव घेतो. आम्ही घाटाखालचे. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. तेराही तालुक्यांच्या गावांत बाजाराच्या दिवशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "गाडी कुठी लावू?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर किती घरांची चूल अवलंबून असते हे शाळेत मास्तर झाल्यावर आम्हांला कळलं. आमच्या गावाचं नाव इथं मुद्दामच देत नाही. नाव दिलं तर हे एका गावाचं गाऱ्हाणं होईल, आणि बाकीचे बारा तालुके आपल्याला काय त्याचं म्हणून पान उलटतील.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवतो. शाळा बाजाराच्या अगदी पाठीला लागून आहे. वर्गाची खिडकी उघडली की भावाची हाळी आत येते. फळ्यावर टक्केवारीचं गणित मांडावं आणि बाहेरून "बीस का डेढ किलो"चा पुकारा व्हावा, असा योग नेहमीचाच. मुलांच्या वडिलांचे धंदे विचाराल तर एक अख्खा बाजार डोळ्यांपुढं उभा राहतो. कुणाचा केळीचा गाडा, कुणाचं बांगड्यांचं दुकान, कुणी जुने कपडे विकतो, कुणी कुलपं दुरुस्त करतो, कुणी पंक्चर काढतो. एखाद्याच्या घरी कुणी सरकारी नोकरीत असेल तर इतर मुलं त्याच्याकडे जरा कौतुकानं बघतात.

आम्हीही याच बाजाराच्या कमाईवर शिकलो. आमच्या अब्बांचा केळीचा गाडा होता. डी.एड.ऐवजी बी.एड.च कर, मोठ्या वर्गांना शिकव, असा हट्ट त्यांनी धरला आणि फीचे पैसे त्या गाड्यावरून आले. म्हणून बाजारातल्या गर्दीवर कुणी बोलायला लागलं की आम्हांला तटस्थ राहता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

आमच्या लहानपणी, म्हणजे साधारण नव्वदीच्या दशकात, बाजाराला बैलगाड्या येत. आता मुलांना खरं वाटत नाही, पण बैलगाडी बाजारात शिरत नसे. गावाच्या कडेला निंबाची झाडं होती आणि त्या जागेला गाडीतळ म्हणत. धुरकरी तिथं गाडी सोडायचा, बैल बांधायचा, त्यांच्यापुढं कडबा टाकायचा आणि मग खांद्यावर पोतं घेऊन पायी बाजारात जायचा. बायामाणसं डोक्यावर टोपली घेऊन निघायची. गाड्या राखायला एक म्हातारे चाचा असत. गाडीमागं ते काही नाणी घेत आणि कुणाचा बैल कुणाच्या कडब्याला तोंड लावणार नाही याची काळजी घेत. त्या जागेला ना पाटी होती ना पांढरे पट्टे. तरी तांबडा बैल कुठं आणि पांढरा कुठं हे चाचांना पाठ असे. आज ज्याला आपण पार्किंग म्हणतो ती व्यवस्था आमच्या गावाला ठाऊक नव्हती असं नाही. ती होती आणि आपण ती मोडली. वाहनतळ हा सरकारी शब्दसुद्धा त्या गाडीतळाचाच धाकटा भाऊ आहे.

मग बैलगाड्या कमी झाल्या. गाडीतळ रिकामा दिसू लागला. रिकामी जागा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही असं होत नाही. तिथं दुमजली दुकानांची इमारत उभी राहिली. तळघर वाहनांसाठी ठेवल्याचं सांगत होते. आज त्या तळघरात प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम आहे. बैल गेले, पण बैलांच्या जागी आलेल्या मोटारसायकली कुठं जाणार? त्या सरळ बाजारात शिरल्या.

आमच्या जिल्ह्याला बाजार आणि रस्ता यांचं नातं नवं नाही. खामगावचा कापसाचा बाजार एके काळी देशात नावाजलेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबई-नागपूर रेल्वेचा मोठा मार्ग जलंबवरून गेला आणि खामगाव बाजूला राहिलं. तेव्हा १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा वेगळा फाटा टाकण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्यात इंग्रजांचा स्वार्थ होता हे शाळेतलं पोरही सांगेल. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाजार अडचणीचा वाटला म्हणून तो हलवला नाही, तर बाजारापर्यंत वाट नेली. पुढं खामगाव चांदीसाठीही प्रसिद्ध झालं. बाजार एका जागी रुजला की त्याच्याभोवती कारागीर, हमाल, दलाल, खानावळी सगळं रुजतं. झाड उपटून दुसरीकडे लावलं तर सावली लगेच मिळत नाही, तसंच बाजाराचंही आहे.

आज रस्त्यांची काही कमी नाही. जुना राष्ट्रीय महामार्ग सहा, ज्याचा नंबर आता त्रेपन्न झाला आहे, मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जिल्ह्यातून जातो. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजाच्या बाजूनं गेला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. नागपूर ते मुंबई माणूस सुसाट जातो. पण जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत बाजाराच्या दिवशी शंभर पावलं चालायला किती वेळ लागतो, ते एकदा घड्याळ लावून बघावं. धावणाऱ्या गाडीसाठी आपण पुष्कळ विचार केला. उभ्या गाडीचा विचार करायचा राहून गेला.

उभी गाडी ही काय चीज आहे यावर अमेरिकेतल्या एका प्राध्यापकानं आयुष्य घालवलं. डोनाल्ड शूप त्यांचं नाव. २०२५ सालीच ते वारले. २००५ साली त्यांनी फुकटच्या पार्किंगची किंमत किती भारी पडते यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. मोटार आपल्या आयुष्यातला पंच्याण्णव टक्के काळ नुसती उभी असते, असं त्यांचं म्हणणं. जागा फुकट दिली की ती पहिल्या आलेल्याच्या घशात जाते आणि नंतर येणारे गोल गोल फिरत राहतात. म्हणून गर्दीच्या जागेला थोडं मोल लावावं, इतकंच की दर ओळीत एखाद-दोन जागा कायम रिकाम्या मिळाव्यात, आणि त्यातून आलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करावा, असा त्यांचा सल्ला. आमच्या गाडीतळावरचे चाचा यापेक्षा वेगळं काय करत होते?

आठवीच्या वर्गाला क्षेत्रफळ शिकवताना आम्ही पुस्तकातले आयत बाजूला ठेवले आणि मुलांना टेप देऊन बाजारात नेलं. मोटारीला उभं राहायला नियमाप्रमाणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. हातगाडी मुलांनी मोजली तर दोन चौरस मीटरच्या आसपास भरली. गिऱ्हाईक उभं राहायची जागा धरली तरी एका मोटारीच्या जागेत तीन गाडे बसतात. मुलांनी वहीत मांडलं, एक मोटार बरोबर तीन गाडे, तीन गाडे बरोबर तीन घरं. मग एका मुलानं विचारलं, "सर, मोटारवाले कितनी देर खडे रहते?" प्रश्न बरोबर होता. आम्ही त्याला म्हटलं, तेच शोधून काढा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलं चार जागी बसली. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे सकाळची शाळा असते, त्यामुळे दुपार मोकळी होती. कोणती गाडी कधी आली आणि कधी गेली एवढंच लिहायचं, नंबर लिहायचे नाहीत, असं सांगितलं होतं. संध्याकाळी वह्या बघितल्या. गिऱ्हाइकांच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. पण सकाळी दुकान उघडताना लागलेल्या आणि रात्री कुलूप घालताना निघणाऱ्या गाड्यांनी रस्त्याची मोक्याची कड धरून ठेवली होती. त्या दुकानदारांच्याच होत्या, नाहीतर त्यांच्याकडच्या नोकरांच्या. म्हणजे गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून जे रोज ओरडतात, त्यांच्याच गाड्यांनी गिऱ्हाइकाची जागा खाल्लेली. मुलांना फार गंमत वाटली. आम्हांला मात्र गंमत वाटली नाही, कारण त्याच महिन्यात बाजारातले गाडे हटवायची भाषा सुरू झाली होती.

इथं दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे अब्बा वारले तो बाजाराचा दिवस होता. घरापासून कब्रस्तानला जायचं तर बाजाराच्या गल्लीतूनच वाट आहे. जोहरची नमाज झाली आणि जनाजा निघाला. अब्बांनी जिथं तीस वर्षं गाडा लावला त्या गल्लीच्या तोंडाशी आलो, तेव्हा पुढं सगळी गच्च गर्दी. कुणीतरी हाक दिली. त्यानंतर जे झालं ते आम्ही विसरू शकत नाही. एकामागून एक गाडे सरकले. कुणी भाजीवर पोतं टाकलं, कुणी तराजू उचलून घेतला, कुणी चाकाखालची वीट पायानं काढली आणि गाडा भिंतीला लावला. पेरूवाला, कांदेवाला, कंगवे-आरसेवाला, हिंदू काय, मुसलमान काय, सगळ्यांनी टोप्या-रुमाल सावरले आणि बाजूला उभे राहिले. खेड्यातून आलेल्या बायांनी टोपल्या मांडीवर घेतल्या. पानाची एक चूळ भरायला लागते तेवढ्या वेळात वाट मोकळी.

पण जनाजा पुढं जाईना. गाड्यांच्या मागच्या ओळीत मोटारसायकली होत्या. हँडल लॉक केलेल्या. मालक कुठं आहेत कुणालाच माहीत नाही. हॉर्न वाजवून काय होणार, तिथं ऐकायला कुणी नव्हतंच. शेवटी पोरांनी एकेक मोटारसायकल उचलून बाजूला ठेवली. खांदेकरी तेवढा वेळ उन्हात उभे होते. त्यांच्या खांद्यावर आमचे अब्बा. तेव्हा शेजारी उभे असलेले केळीवाले चाचा, अब्बांचे सोबती, हळूच म्हणाले, "अपना गाडा तो सरक जाता, बेटा. उसके बाजू में आदमी खडा रहता. इनकी फटफटी को कौन सरकाए?"

त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. वाहतुकीचा सगळा प्रश्न त्यात आला. गाड्याला चाक आहे आणि चाकाजवळ माणूस आहे. रुग्णवाहिका आली, आगीचा बंब आला, वरात आली, पालखी आली, तरी तो सरकतो, कारण त्याला ऐकू येतं. उभ्या वाहनाला चाक आहे, पण माणूस नाही. आणि आपल्या कागदावर अडथळा म्हणून पहिलं नाव कुणाचं लिहिलं जातं? गाड्याचं.

तसंच झालं. एक दिवस गाडे उचलण्याची मोहीम निघाली. आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांचा गाडा मालासकट नेला. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आम्ही घरी गेलो तर ती उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती. वडील म्हणाले, "मास्टर साब, जमीन पर बैठ के बेचना हय तो दो जने लगते. एक माल देखता, एक पैसे लेता." गाडा होता तेव्हा एका माणसात भागत होतं. गाडा गेला आणि घरातल्या पोरीची शाळा सुटली. याच गल्लीत चुकीच्या जागी लावलेल्या मोटारसायकलीला काय होतं? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि असल्या किरकोळ गुन्ह्याचा शंभराचा दंड पाचशे झाला. महाराष्ट्रात तो डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पाचशे रुपये भरले की गाडी पुन्हा दारात. गाड्यावाल्याचं मात्र भांडवल, दुकान आणि दिवसाची भाकर एकाच वेळी ट्रकमध्ये चढते.

या प्रसंगानंतर आम्ही कायदा शोधून वाचला. सगळ्यांनी वाचण्यासारखा आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा केंद्राचा कायदा २०१४ सालचा आहे. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल असेल तर मागणी केल्याच्या दिवशीच, आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत, ठरलेली फी घेऊन परत करावा लागतो. कुणाला एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. गावासाठी नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या असाव्यात आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायांच्या. आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे जिथं गिऱ्हाईक आणि विक्रेते पिढ्यान्‌पिढ्या आपोआप जमत आले, त्याला हा कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो. असा बाजार पन्नास वर्षांहून जुना असेल तर त्याला वारशाचा दर्जा द्यावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्यात आहे. आम्ही हे सगळं साध्या उर्दूत आणि साध्या मराठीत एका कागदावर लिहिलं आणि झेरॉक्स काढून वाटलं. त्या मुलीच्या वडिलांनी तो कागद खिशात घालून अर्ज दिला. गाडा परत मिळाला. कोथिंबीर अर्थातच गेली होती.

सणाच्या आधी शांतता समितीची बैठक होते, तिला मास्तर लोकांनाही बोलावतात. तिथं वाहतूक कोंडीचा विषय निघाला. एक सज्जन म्हणाले, गाडे गावाबाहेर न्या, म्हणजे रस्ता मोकळा होईल. आम्ही उभं राहून विचारलं, गावाबाहेरच्या गाड्यावर जायला गिऱ्हाईक कशानं जाईल? मोटारसायकलनं. मग ती तिथं लागेल आणि तिथंही कोंडी होईल. लोक हसले, पण विचारही करू लागले. मग आम्ही मुलांच्या वह्या पुढं ठेवल्या. दुकानदारांच्या संघटनेचे एक वयस्क काका चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले. शेवटी म्हणाले, "मास्तर, हे तं आमचंच दिसून राह्यलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांचं हे एवढं बोलणं पुरलं. पुढची बैठक शाळेत झाली.

गर्दी सांभाळायची कला आपल्या जिल्ह्याला शिकवायला बाहेरचं कुणी यायला नको. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला किती लोक येतात आणि तिथले सेवेकरी हात जोडून, 'माउली' म्हणत रांग कशी लावतात, ते महाराष्ट्रानं बघितलं आहे. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते. सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात, नारळांची होळी पेटते, संदल निघतो. एस.टी. जादा गाड्या सोडते आणि त्यांच्यासाठी तात्पुरती स्थानकं उभी राहतात. दोन्हीकडे सूत्र एकच आहे. वाहन लांब थांबवायचं, माणसाला पायी न्यायचं, आणि वाटेत सांगायला माणूस उभा करायचा. देवाच्या दारी आपण निमूट चालतो. भाजीच्या दारी मात्र आपल्याला गाडीवर बसूनच मेथीची जुडी हातात पाहिजे.

मोठ्या शहरांनाही हेच करावं लागलं. दिल्लीचा चांदनी चौक शहाजहानच्या काळातला. तिथं लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा रस्ता नव्यानं बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला केला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी घातली. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन म्हणून रस्त्याचा भाग वाहनांसाठी बंद ठेवला, आणि पुढंही त्या तारखेला तो उपक्रम होत राहिला. वाहन बंद म्हणजे धंदा बंद ही भीती सगळीकडे असते. पण खरेदी शेवटी पाय करतात, टायर करत नाहीत.

आपल्या परंपरेतही रस्त्याचा हक्क मानलेला आहे. रस्त्यात बसणाऱ्यांनी रस्त्याचा हक्क अदा करावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्रास होऊ देऊ नये, अशी पैगंबरांची शिकवण मदरशातल्या लहान मुलालाही सांगतात. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. वजनमापं तपासणं हे त्याचं काम, तसंच कुणाचा माल किंवा ओटा वाटेत येत असेल तर तो मागं घ्यायला लावणं हेही. तेव्हा गाड्यावाल्यांनाही आम्ही सोडलं नाही. गाडा एका रेषेच्या आत पाहिजे, छत्री वाटेवर नको, सडलेली पानं रस्त्यावर नकोत, हे त्यांना जुम्याच्या नमाजनंतर बसून समजावलं. हक्क मागायचा तर रस्त्याचंही देणं द्यावं लागतं. अब्बांच्या सोबत्यांनी स्वतः चुन्यानं रेषा आखली.

शाळेत जे ठरलं ते साधं होतं. बाजाराच्या दिवशी सकाळची शाळा सुटली की मैदान वाहनांसाठी उघडायचं. दुकानदार आणि नोकरांच्या गाड्या दिवसभर तिथंच. शाळेतून बाहेर पडलेली, काम शोधत असलेली चार मोठी मुलं राखण करतील. मोटारसायकलला पाच रुपये, सायकल फुकट. काळीपिवळी आणि ऑटोंसाठी गल्लीच्या दोन्ही टोकांना थांबायची जागा ठेवायची, कारण खेड्यातून टोपली घेऊन येणाऱ्या बाईला पार्किंग नको असतं, तिला फक्त धक्का न लागता खाली उतरता आलं पाहिजे. संस्थेच्या मंडळात वाद झाला. शाळेच्या मैदानाचा धंदा करता काय, असं एकानं विचारलं. जमा पैशातून मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी बसेल असं ठरलं, तेव्हा कुठं ते गप्प झाले.

पाट्यांचीही एक गंमत. रस्त्याच्या कडेला पी-१ आणि पी-२ अशा पाट्या होत्या. सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची, असा त्यांचा अर्थ. पण तो कुणालाच माहीत नव्हता. गणितात आम्ही सम-विषमला जुफ्त आणि ताक शिकवतो. मुलांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि उर्दूत लिहिलं, आज या बाजूला. रोज सकाळी येताना पुठ्ठा बदलायचा. एका पोरानं शोध लावला की एकतीस तारीखही ताक आणि दुसऱ्या दिवशीची एकही ताक, म्हणजे दोन दिवस एकच बाजू. वाहतुकीच्या हवालदारांनी त्याची पाठ थोपटली. उर्दू पाटीवरून कुणी कुरकुर करील अशी धास्ती होती. पण शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि मराठीच्या जोडीला उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही, असा निकाल १५ एप्रिल २०२५ रोजी लागला होता. आमच्या बाजारात तर कुणी काही म्हणालंच नाही. ज्याला जी लिपी येत होती ती त्यानं वाचली.

सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो आणि गाड्या पुन्हा गल्लीत शिरतात. पाच रुपये वाचवायला लोक अर्धा तास घिरट्या घालतात. तळघरातलं खुर्च्यांचं गोदाम अजून तिथंच आहे, त्याच्यासाठी दिलेल्या अर्जाला उत्तर आलेलं नाही. पथविक्रेत्यांची निवडणूक व्हावी म्हणून गाड्यावाले सह्या गोळा करत आहेत. सह्या करायला शिकलेले त्यांतले कित्येक आपल्या मुलांकडूनच शिकले. काही जणांनी २०२० साली सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतून दहा हजारांचं कर्ज घेऊन फेडलं आहे. त्यामुळे आपला गाडा हा गुन्हा नाही, धंदा आहे, हे त्यांना आता कागदावरही दिसतं.

ती लसूण सोलणारी मुलगी आता आठवीत आहे. परवा तिनं क्षेत्रफळाच्या गणितात पैकीच्या पैकी गुण घेतले. उत्तरपत्रिकेत मोटारीच्या आयताशेजारी तिनं तीन छोटे आयत काढले होते आणि प्रत्येकाच्या बाजूला एक माणूस उभा केला होता. प्रश्नात माणसं काढायला सांगितलं नव्हतं. आम्ही त्याचे गुण कापले नाहीत.